दिनक्रमाच्या वाटेने येणारी साथ

साथीच्या रोगांच्या गणितात मुंबईचे नाव फार जुने आहे. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विल्यम केर्मॅक आणि अँडरसन मॅकेन्ड्रिक या दोघांचा एक निबंध छापून आला. केर्मॅक एडिंबरातले रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी जाऊनही त्यांनी संशोधन सोडले नव्हते. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बरीच वर्षे काढली होती. साथ कशी चढते आणि कशी ओसरते याचे सूत्र त्यांनी मांडले आणि ते ताडून पाहायला आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू.

ते सूत्र आजही या विषयाचा पहिला धडा आहे. लोकांचे तीन गट पाडायचे. अजून लागण न झालेले, सध्या आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या गटातला माणूस दुसऱ्यातल्या माणसाच्या संपर्कात आला की काहीएका शक्यतेने त्यालाही लागण होते. आजारी माणूस काही काळाने तिसऱ्या गटात जातो. एवढ्या सामग्रीवर दोघांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली: साथ संपायला सगळेच आजारी पडावे लागत नाहीत. लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ आपोआप ओसरू लागते. लसीकरणाच्या धोरणाचा पाया हाच.

पण या सूत्रात एक मोठे गृहीतक आहे. त्यात गावातला कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. गिरणीतला बदली कामगार, मलबार हिलवरचा बॅरिस्टर, घराबाहेर फारशी न पडणारी म्हातारी, सगळे एका मापाचे. प्लेगच्या बाबतीत तर गाठ आधी उंदरांशी होती, आणि माणसांतला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचेच प्रतिबिंब मानले आहे, हे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. कागद-पेन्सिलीच्या काळात याहून बारीक हिशेब शक्यच नव्हता. कोट्यवधी माणसे रोज कुठे जातात आणि कोणाला भेटतात, हे कोण मांडून ठेवणार?

पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी ते मांडायला बसले ते वैद्यकातले लोक नव्हते. ते संगणकशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांतले एक प्रमुख नाव म्हणजे प्रा. माधव मराठे.

वाहतुकीच्या कोंडीतून साथीकडे

मराठे मद्रासच्या आयआयटीतून १९८९ साली संगणकशास्त्राचे पदवीधर झाले. पीएच.डी. त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी इथे केली, तिथे त्यांना हॅरी हंट आणि रिचर्ड स्टर्न्स यांचा सहवास लाभला. कोणता प्रश्न संगणकाला सोपा आणि कोणता मुळातच अवघड, हे ठरवणाऱ्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी स्टर्न्स एक; त्यासाठी त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला आहे. म्हणजे मराठ्यांची तालीम झाली ती शुद्ध सैद्धांतिक आखाड्यात. रोगजंतूंशी त्यांचा तेव्हा काही संबंध नव्हता.

पीएच.डी.नंतर ते न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तिथे ख्रिस्तोफर बॅरेट यांच्या पुढाकाराने एक वेगळाच प्रकल्प चालू होता. शहरातली वाहतूक समजून घ्यायची, पण रस्त्यावरच्या गाड्या मोजून नव्हे. कोण माणूस किती वाजता, कशासाठी, कुठून कुठे निघाला हे मांडून. सकाळी आठला पुलावर गाड्या तुंबतात, कारण आठशे घरांतली आठशे माणसे आपापल्या कारणाने त्याच वेळी निघालेली असतात. नवा पूल बांधला तर त्यांतले किती जण मार्ग बदलतील, हे कळायचे तर गाडीपेक्षा माणूस आणि त्याचा दिनक्रम महत्त्वाचा. ऑरेगॉन राज्यातले पोर्टलंड हे त्यांचे प्रयोगाचे शहर होते.

या कामातून एक संगणकी लोकवस्ती तयार झाली. तिच्यातला एकही माणूस खरा नव्हता, पण एकूण वस्ती खऱ्या शहरासारखी होती. ती तयार करण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. जनगणना खाते कोणाचीही खासगी माहिती देत नाही. ते प्रत्येक भागाच्या बेरजा जाहीर करते. या भागात इतकी घरे, वयोगटाप्रमाणे इतके लोक, उत्पन्नाप्रमाणे इतकी कुटुंबे. शिवाय नावे काढून टाकलेल्या काही कुटुंबांचा सविस्तर नमुना मिळतो. आडव्या आणि उभ्या ओळींच्या बेरजा दिलेले अंकांचे कोडे सोडवावे, तसा संगणक हा नमुना वारंवार कमी-जास्त करत राहतो आणि शेवटी सगळ्या बेरजा एकाच वेळी जुळवतो. मग त्या प्रमाणात काल्पनिक कुटुंबे निर्माण करून त्यांना घरे वाटली जातात. लोक दिवसभर काय करतात याच्या पाहणीवरून प्रत्येकाला दिनक्रम दिला जातो: शाळा, कचेरी, दुकान, प्रार्थनास्थळ, पुन्हा घर. शेवटी जमीनवापराच्या नोंदींवरून ती शाळा आणि ती कचेरी नकाशावर ठरवली जाते.

वाहतुकीसाठी एवढे केल्यावर पुढचा विचार सुचणे साहजिक होते. एकाच ठिकाणी एकाच वेळी कोण कोण असते हे कळले, तर सर्दी-तापापासून देवीपर्यंत हवेतून किंवा निकट संपर्कातून पसरणारा कोणताही आजार कोणाकडून कोणाकडे जाईल याचे जाळेच हाती आले. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत जैविक हल्ल्याची धास्ती होती, आणि देवीचे विषाणू कोणी सोडले तर अख्ख्या देशाला लस टोचायची का, हा वाद पेटला होता. स्टीफन युबँक, मराठे आणि सहकाऱ्यांनी पोर्टलंडच्या सुमारे सोळा लाख संगणकी रहिवाशांमध्ये आणि १ लाख ८० हजारांच्या आसपास ठिकाणांमध्ये देवीची साथ सोडून पाहिली. निष्कर्ष २००४ च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये आले.

त्यांतला पहिला निष्कर्ष अनपेक्षित होता. तोवर अनेकांना वाटे की समाजात काही थोडी माणसे फार ओळखीपाळखीची असतात. तेवढ्यांना लस टोचली की जाळ्याचे तुकडे पडतील आणि साथ अडेल. पोर्टलंडच्या जाळ्यात तसे झाले नाही. सर्वाधिक भेटीगाठींची माणसे बाजूला काढली तरी उरलेले लोक इतर वाटांनी एकमेकांशी जोडलेलेच राहत होते. ठिकाणांचे चित्र मात्र वेगळे निघाले. फार थोड्या जागांवर अफाट गर्दी, आणि बहुसंख्य जागांवर चारदोन माणसे. त्यामुळे लक्ष ठेवायचे तर अशा जागांवर, म्हणजे साथ लवकर हाती लागेल. दुसरा निष्कर्ष साधा होता, पण धोरणाला उपयोगी: आजारी माणूस किती लवकर घरी थांबतो, यावर सर्वांत जास्त अवलंबून असते. तो लवकर थांबला आणि नेमक्या माणसांना लस मिळाली, तर सरसकट लसीकरणावाचूनही साथ आटोक्यात येऊ शकत होती.

नेमकी कोणाला टोचायची?

‘नेमकी माणसे’ हे शब्द बोलायला सोपे आहेत. समजा वस्तीत १०० माणसे आहेत आणि लशीचे १० डोस आहेत. कोणत्या दहांना टोचले तर लागण सर्वांत कमी होईल? शंभरांतून दहा निवडण्याचे मार्ग १७ लाख कोटींहून अधिक आहेत. शहर सोळा लाखांचे असेल आणि डोस त्याच प्रमाणात असतील तर हा आकडा लिहायला कित्येक पाने लागतील. अशा प्रश्नांना संगणकशास्त्रात ‘एनपी-हार्ड’ म्हणतात. प्रत्येक वेळी अचूक उत्तर झटपट काढून देईल अशी पद्धत आजवर कोणालाही सापडलेली नाही, आणि ती असेल असे या शास्त्रातल्या बहुतेकांना वाटतही नाही.

इथे मराठ्यांची जुनी सैद्धांतिक तालीम कामी आली. अचूक उत्तर मिळत नसेल, तर त्याच्या किती जवळ जाता येईल याची हमी देणाऱ्या रीती शोधणे हे त्या शास्त्रातले नेहमीचे काम. त्यांनी आणि अनिल वुल्लिकंटी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी लसीकरण, विलगीकरण, शाळा बंद ठेवणे या उपायांना जाळ्यातले बिंदू आणि रेषा खोडण्याचे प्रश्न म्हणून पाहिले. लस दिली की बिंदू गेला. शाळा बंद केली की मुलांमधल्या रेषा गेल्या.

दुसरी अडचण वेगाची. एका माणसाची एक भेट तपासायला संगणकाला क्षणही लागत नाही. पण कोट्यवधी माणसांच्या शेकडो दिवसांतल्या सगळ्या भेटी, आणि त्याही वेगवेगळ्या उपायांसाठी पुन्हा पुन्हा, हे काम हजारो प्रोसेसरांना वाटून द्यावेच लागते. वाटून दिले की ते प्रोसेसर एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत खोळंबतात. यावरची युक्ती रोगाच्याच स्वभावात सापडली. आज लागण झालेला माणूस आजच दुसऱ्याला लागण करत नाही; मध्ये काही काळ जातो. म्हणून एका दिवसापुरता प्रत्येक जागेचा हिशेब इतर जागांकडे न पाहता स्वतंत्रपणे करता येतो आणि दिवसअखेर सगळ्यांचा मेळ घालता येतो. २००८ साली या पद्धतीवर बांधलेल्या प्रणालीने दहा कोटी माणसांच्या वस्तीत साथ चालवून दाखवली. तोवर हा गट व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आला होता. आता तो व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बायोकॉम्प्लेक्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

दिल्ली, मुंबई आणि हातावरचे पोट

अमेरिकी शहरावर बसवलेली रीत भारतात जशीच्या तशी चालत नाही. मराठ्यांच्या गटाने दिल्लीची संगणकी वस्ती तयार केली तेव्हा हे ठळक झाले. २०१६ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिल्लीचे सुमारे १ कोटी ३८ लाख रहिवासी होते. त्यांतले १८ लाखांच्या आसपास, म्हणजे सुमारे १३ टक्के, झोपडवस्त्यांतले. प्रश्न असा होता की झोपडवस्तीतली कुटुंबे मोठी असतात आणि घराबाहेरच्या भेटीगाठी जास्त असतात, हे हिशेबात धरले नाही तर फ्लूच्या साथीचा अंदाज किती चुकेल?

बराच चुकतो, असे उत्तर आले. झोपडवस्त्यांना इतर वसाहतींसारखेच मानले तर साथीचा कळस प्रत्यक्षापेक्षा उशिरा आणि बुटका दिसतो, आणि एकूण लागण कमी भरते. आणि हा फरक फक्त त्या १३ टक्क्यांपुरता राहत नाही. घरकाम, बांधकाम, भाजीची गाडी, पहारा या कामांनी झोपडवस्ती बाकीच्या शहराशी दिवसभर जोडलेली असते. तिथल्या साथीचा वेग अख्ख्या शहराच्या साथीचा वेग ठरवतो.

चार वर्षांनी मुंबईत याच गोष्टीचा प्रत्यक्ष दाखला मिळाला. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या परिसरांतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी केली. झोपडवस्त्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली. इमारतींतल्या रहिवाशांत सुमारे १६ टक्के. वॉर्ड तेच, टाळेबंदीचे नियम तेच. फरक होता तो दाराबाहेरच्या सामाईक नळाचा, सार्वजनिक शौचालयाच्या रांगेचा आणि दहा बाय दहाच्या खोलीतल्या सहा माणसांचा.

त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप जुनेजा, प्रल्हाद हर्षा आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राजेश सुंदरेशन यांच्या गटांनी मुंबई आणि बंगळूर या दोन शहरांच्या संगणकी वस्त्या उभ्या केल्या. त्यांच्या मुंबईत घर, शाळा आणि कचेरी यांच्या जोडीला लोकल गाडीचा डबाही लागण होण्याची जागा म्हणून धरलेला होता. झोपडवस्त्यांतला संपर्क जास्त मानला होता. कचेऱ्या टप्प्याटप्प्याने उघडल्या तर काय होईल, लोकल सुरू केली तर काय, याचे अंदाज महापालिकेपुढे ठेवले गेले. मार्च २०२० मध्ये थांबलेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वांसाठी सुरू झाली तीही ठरावीक वेळांत, गर्दीचे तास वगळून.

अमेरिकेत चित्र वेगळे होते असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या यूरे लेस्कोवेक यांच्या गटाने २०२० च्या नोव्हेंबरात दहा महानगरांतल्या ९ कोटी ८० लाख लोकांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोबाइल फोनवरून मिळालेली, ओळख पुसलेली ही माहिती होती. त्यांच्या हिशेबात शिकागोमध्ये फक्त १० टक्के जागांवर तिथल्या सार्वजनिक ठिकाणच्या ८५ टक्के लागणी होत होत्या. गरीब वस्त्यांतले लोक साथीच्या काळात तितकेसे घरी थांबू शकले नव्हते, आणि ज्या दुकानांत ते जात तिथे गर्दीही अधिक होती. पुढे लेस्कोवेक आणि मराठे यांच्या गटांनी मिळून व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्यासाठी एक साधन तयार केले. हॉटेले, जिम, दुकाने यांवर किती निर्बंध घातले तर लागण किती घटेल आणि व्यवसायाचे किती ग्राहक तुटतील, हे अधिकाऱ्याला त्यावर एकत्र पाहता येई. कोविडच्या काळात बायोकॉम्प्लेक्सिटी इन्स्टिट्यूटचे काम रात्रीही थांबले नव्हते: ताजे आकडे संध्याकाळी गोळा व्हायचे, पिट्सबर्गच्या महासंगणकावर रात्रभर हिशेब चालायचा आणि सकाळी निकाल हाती यायचा. २०२० मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने या दिशेच्या संशोधनाला मराठ्यांच्या नेतृत्वाखाली एक कोटी डॉलरचे अनुदान दिले.

दिल्ली, मुंबई, शिकागो ही तीन शहरे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. साथीला रोगजंतू लागतो, तसाच माणसांचा दिनक्रमही लागतो. आणि आपला दिनक्रम बदलण्याची मोकळीक समाजात सारखी वाटलेली नाही. ज्यांना घरून काम करता येते, ज्यांच्याकडे महिनाभराचे धान्य भरलेले असते, ते चार दिवसांत स्वतःला जाळ्यातून बाहेर काढतात. ज्यांचे हातावर पोट आहे ते काढू शकत नाहीत. समाजाची तग धरण्याची ताकद मोजायची तर ही मोकळीक मोजावी लागते.

साथीपलीकडे

याच कारणाने मराठ्यांच्या गटाचे काम साथींपुरते राहिले नाही. अमेरिकी सरकारच्या आपत्ती-नियोजनासाठी त्यांनी एका भयंकर प्रसंगाची संगणकी तालीम केली: वॉशिंग्टन शहराच्या मध्यात दहा किलोटनांचा अणुबॉम्ब फुटला आहे. त्या परिसरातल्या सुमारे ७ लाख ३० हजार संगणकी माणसांचे पुढच्या दोन दिवसांतले वागणे मांडले गेले. त्यांनी निमूटपणे सरकारी सूचना पाळल्या असे गृहीत धरलेले नव्हते. कोणी मुलांना शोधायला शाळेकडे निघाला, कोणी जखमी शेजाऱ्यासाठी थांबला, कोणी दवाखाना शोधू लागला, कोणी घाबरून वाट फुटेल तिकडे पळाला.

या तालमीत अर्धवट का होईना, मोबाइलचे जाळे लवकर पूर्ववत केले तर जीव वाचतात असे दिसले. बायकोचा फोन लागला, मुलगी शिक्षकांबरोबर तळघरात सुखरूप आहे हे कळले, की माणूस किरणोत्सर्गाच्या धुळीतून तिला शोधायला निघत नाही. आहे तिथेच आडोशाला थांबतो. म्हणजे टेलिफोनचा मनोरा हाही आपत्तीत प्राणरक्षक ठरतो, आणि त्याला पर्यायी वीज देण्यावर आधीच खर्च करणे शहाणपणाचे आहे. घरच्यांची काळजी हा हिशेबातला मुख्य घटक धरल्यावाचून हे कळलेच नसते.

२०२१ साली कोविडचे लसीकरण मंदावले तेव्हा याच विचाराचा उपयोग झाला. लस न घेतलेले लोक केंद्रावर येत नसतील, तर ते दिवसभरात एरवी कुठे जातात ते पाहायचे आणि लशीची गाडी तिथेच न्यायची. व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याला फिरती केंद्रे कुठे लावावीत याच्या शिफारशी या गटाने हालचालींच्या निनावी आकड्यांवरून केल्या. दिनक्रम लोकांनी बदलायचा नव्हता. केंद्राने लोकांच्या दिनक्रमात शिरायचे होते.

आणखी एक काम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जवळचे वाटेल. टोमॅटोची पाने आणि फळे पोखरणारी ‘टुटा ॲब्सोल्युटा’ ही दक्षिण अमेरिकेतली अळी २०१४ मध्ये भारतात प्रथम आढळली ती पुणे जिल्ह्याच्या परिसरात. पुढे ती नेपाळ, बांगलादेशापर्यंत पोचली. तिचा पतंग स्वतः काही अंतर उडतो, पण लांबचा पल्ला तो ट्रकमधल्या क्रेटांत बसून गाठतो. मराठे आणि अभिजिन अडिगा यांच्या गटाने आशियातल्या तिच्या प्रसाराचा अभ्यास करताना हवामान आणि पतंगाचे उडणे यांच्याबरोबर बाजारपेठांमधला टोमॅटोचा व्यापारही मांडला. मोठ्या मंड्यांना जोडणाऱ्या वाहतुकीचा वाटा त्यात मोठा निघाला. तेव्हा बंदोबस्त फक्त शेतात करून भागत नाही. पहारा मंडीत आणि क्रेटांवरही हवा.

भाकीत कशासाठी?

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: असली भाकिते खरी होत नाहीत. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने म्हटले होते की, काहीच केले नाही तर लायबेरिया आणि सिएरा लिओन या दोनच देशांत जानेवारी २०१५ पर्यंत १४ लाख लोकांना लागण होईल. साथ संपली तेव्हा सर्वाधिक झळ बसलेल्या तीन देशांत मिळून नोंदलेले रुग्ण २८ हजारांवर होते, मृत्यू ११ हजारांवर. मग गणित खोटे ठरले का?

त्या भाकिताची अट ‘काहीच केले नाही तर’ अशी होती. प्रत्यक्षात उपचार केंद्रे उभी राहिली, आणि मृतदेहाला आंघोळ घालून, स्पर्श करून निरोप देण्याच्या प्रथा गावागावांतून बदलल्या. मराठे, युबँक आणि ब्रायन लुईस यांचा गटही तेव्हा दर आठवड्याला अंदाज देत होता, आणि रुग्णांचे संपर्क शोधणे व संसर्ग रोखणे यांनी साथीला किती लगाम बसेल याचा हिशेब मांडत होता. साथीच्या भाकिताचे असे असते की ते ऐकून लोक वागणे बदलतात, आणि वागणे बदलले की भाकीतच बदलते. म्हणून या प्रणालींचा खरा उपयोग ‘काय होणार’ हे सांगण्यापेक्षा ‘हा उपाय केला तर काय, आणि तो केला तर काय’ ही तुलना करण्यात आहे. त्यांच्या मर्यादाही याच वागण्यात आहेत. घर, वय, कचेरी जनगणनेतून मिळते. भीती, अविश्वास, अफवा तिच्यात नसतात.

अविश्वासाची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी मोजली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. तिथे प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून जी झडती चालवली तिची परिणती जून १८९७ मध्ये रँडवरच्या जीवघेण्या हल्ल्यात झाली. त्या काळात लोक रुग्णांना माळ्यावर आणि कोठीत लपवत, कारण सरकारी छावणीत गेलेला परत येत नाही अशी समजूत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर उपायाच्या धाकानेच रुग्ण नोंदींतून नाहीसे झाले. म्हणून नव्या प्रणालींमध्ये आता ‘सूचना पाळणाऱ्यांचे प्रमाण’ हा आकडा बदलून पाहिला जातो. शंभरातले नव्वद ऐकतील असे धरून आखलेली टाळेबंदी चाळीसच जणांनी पाळली, तर कधी कधी सौम्य पण लोकांना पटणारा उपायच सरस ठरतो.

दुसरी अडचण माहितीची. मोबाइलवरून मिळणारे हालचालींचे आकडे कितीही निनावी म्हटले तरी कोणाच्या हाती जातात आणि साथ सरल्यावर त्यांचे काय होते, याचे नियम आधी ठरलेले असले पाहिजेत. साथीच्या घाईत ते ठरत नाहीत. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते या आकड्यांत दिसतच नाहीत, आणि दिल्लीच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे न दिसणाऱ्यांना वगळले की सगळ्यांचाच अंदाज चुकतो.

भारतापुढे तर याहून मूलभूत प्रश्न आहे. संगणकी वस्तीचा पाया जनगणना, आणि आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्यानंतर पुण्याभोवती हिंजवडी-वाघोलीसारखे भाग फुगले, वसई-विरार आणि पनवेल वाढले, किती कुटुंबे एका खोलीतून दोन खोल्यांत गेली आणि किती उलट दिशेने, हे नीट ठाऊक नाही. नव्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे आले की मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांच्या वॉर्डवार संगणकी वस्त्या साथ नसताना, सवडीने तयार करता येतील. त्या कशा करायच्या हे ज्ञान आता परके नाही; कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते २०२० मध्ये घाईगर्दीत करून दाखवले आहे.

अशी वस्ती हाताशी असली की महापालिकेला काही प्रश्न साथीआधीच विचारता येतील. आजारी पडलेल्या रोजंदारीवाल्याला पाच दिवसांची मजुरी दिली तर साथ किती मंदावेल आणि रुग्णालयांचा किती खर्च वाचेल? कोणत्या दोन वस्त्यांमध्ये एकच शौचालय सामाईक आहे, आणि आणखी एक बांधले तर काय फरक पडेल? शाळा बंद केल्या तर किती परिचारिकांना मुलांसाठी घरी बसावे लागेल? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टर एकटा देऊ शकत नाही आणि संगणकही एकटा देऊ शकत नाही. मात्र ती साथीआधी शोधलेली असतील तर अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी तरतूद करता येते. साथ दारात आल्यावर शोधायला बसलो, तर हातात उरतो तो टाळेबंदीचा एकच सरसकट उपाय, आणि त्याचा सर्वांत मोठा भार पडतो तो ज्यांना तो पाळणे परवडत नाही त्यांच्यावर.